काच बदलता येते, क्रोम नाही : दिवाणखान्यासाठी जुने फ्रेंच फर्निचर निवडताना

तुलूझ येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका मराठी दांपत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात त्यांना सत्तरच्या दशकातील फ्रेंच क्रोम-काचेचे फर्निचर ठेवायचे आहे. त्यांनी दोन बुटके टीपॉय हेरून ठेवले आहेत. एक धुरकट काचेचा आहे, त्याच्या जाहिरातीत ‘मेझों जान्सेनचा असावा’, म्हणजे पॅरिसच्या एका नामांकित सजावट-पेढीचा, असे लिहिले आहे आणि किंमत चौदाशे युरो आहे. दुसरा जवळजवळ तसाच, पण निनावी, साडेतीनशे युरोंचा आहे. शिवाय एका विक्रेत्याकडे वाकवलेल्या नळीच्या दोन खुर्च्या आहेत आणि त्या १९३० च्या सुमाराच्या आहेत असे तो सांगतो. यातले काय घ्यावे, खरे-खोटे कसे पारखावे आणि काही वर्षांनी पुण्याला परतताना हे सामान नेता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

सल्ला आधी देतो, कारणे मागाहून सांगतो. दोन्ही टीपॉयांच्या काचा बाजूला ठेवून केवळ सांगाडे तपासावेत आणि ज्याचे क्रोम निरोगी असेल तो घ्यावा. दोन्ही सारखेच चांगले निघाले तर निनावी टीपॉय निःशंकपणे घ्यावा. खुर्च्यांविषयी मात्र, पुढे सांगतो त्या गोष्टी पाहिल्याशिवाय, बयाणासुद्धा देऊ नये.

हा सल्ला क्रोमच्या स्वभावातून येतो. शिसवी पलंगाला पन्नास वर्षांच्या हाताळणीने एक झळाळी येते, ओरखडा पडला तरी चांगला सुतार तो पॉलिशात मुरवून टाकतो आणि वस्तूचे वय तिच्या शोभेतच जमा होते. क्रोमला अशी सोय नाही. ते एक तर धड असते किंवा बिघडलेले असते, आणि बिघडलेले क्रोम पूर्ववत करण्यासाठी जो खर्च येतो तो बहुतेक वेळा वस्तूच्या किमतीला गिळून टाकतो. म्हणून या फर्निचरात काच, रबरी चकत्या, खुर्चीचे चामडे हे सारे बदलता येण्याजोगे भाग समजावेत आणि पैसे मोजताना नजर सांगाड्यावर ठेवावी.

ज्याला आपण क्रोम म्हणतो तो प्रत्यक्षात थरांचा संच असतो. आत पोलादाची नळी किंवा चौकोनी पट्टी असते, तिच्यावर निकेलचा थर असतो, कधी त्याखाली तांब्याचाही असतो, आणि सर्वांत वर क्रोमियमचा थर असतो. निकेलचा थर साधारणपणे दहा ते वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर क्रोमियमचा सहसा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. आरशासारखी गुळगुळीत चमक खरे तर खालच्या घासून घेतलेल्या धातूची आणि निकेलची असते; वरचे क्रोमियम तिला निळसर छटा आणि कठीणपणा देते, शिवाय निकेलला पिवळे पडू देत नाही. हे मूलद्रव्य अठराव्या शतकाच्या अखेरीस वोकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढले, परंतु त्याचा मुलामा कारखान्यांत भरवशाने चढवता येऊ लागला तो १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर. क्रोमियमच्या इतक्या पातळ थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतातच. त्यांतून ओल आणि क्षार आत उतरतात, निकेलला छिद्रे पाडतात आणि पोलादापर्यंत पोहोचतात. तेथे धरलेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे तो वरच्या थराला आतून ढकलू लागतो.

खरेदीदाराला याच्या तीन अवस्था ओळखता आल्या पाहिजेत. पहिल्या अवस्थेत मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे-तपकिरी ठिपके दिसतात. फ्रेंच विक्रेते त्यांना ‘पिकूर’ म्हणतात आणि जाहिरातीत हा शब्द आला तर विक्रेता प्रामाणिक आहे असे समजावे. असे ठिपके खालच्या बाजूला किंवा पायांच्या आत थोडेफार असतील तर हरकत नाही. दुसऱ्या अवस्थेत थर फुगतो. नख फिरवले असता बारीक उंचवटे लागतात. तिसऱ्या अवस्थेत पापुद्रे सुटतात. फुगवटा लागला की सौदा तेथेच थांबवावा, मग किंमत कितीही कमी होवो, कारण आतला गंज दिसतो त्यापेक्षा पुष्कळ दूरवर पसरलेला असतो.

पुन्हा मुलामा चढवून घेता येईल, असे विक्रेते सहज सांगतात. त्यासाठी आधीचे सारे थर रसायनाने उतरवावे लागतात, गंजाचे खड्डे घासून सपाट करावे लागतात, आणि त्या घासण्यात चौकोनी पट्टीच्या धारदार कडा गोलसर होतात. सत्तरच्या दशकातील टीपॉयचे निम्मे सौंदर्य त्या काटकोनी कडांतच असल्याने दुरुस्तीनंतरची वस्तू नवी दिसते, पण बोथट दिसते. त्यातच मुलाम्यासाठी लागणारा क्रोमियम ट्रायऑक्साइड हा पदार्थ कर्करोगकारक असून युरोपीय संघाच्या रसायन नियमांनुसार २१ सप्टेंबर २०१७ पासून तो विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाही. एखाददुसरी वस्तू हाती घेणारा मुलामा-कारागीर फ्रान्समध्ये शोधणे त्यामुळे कटकटीचे आणि खर्चिक झाले आहे. नामवंत रचनाकाराची वस्तू असेल तरच हा उद्योग परवडतो, आणि तेथेही जाणकार संग्राहक मूळ क्रोमवरचे थोडे ठिपके नव्या मुलाम्यापेक्षा अधिक पसंत करतात.

तपासणी दिवसाउजेडी करावी आणि सोबत एक टॉर्च, लोहचुंबक आणि पांढरे सुती फडके न्यावे. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला की समोरून न दिसणारे ठिपके सावली टाकू लागतात. वाकांच्या आतल्या बाजू, वेल्डिंगचे जोड, काच जेथे टेकते ती जागा आणि पायांचे तळ पाहावेत. पाय तर सर्वांत आधी, कारण फरशी पुसण्याचे पाणी तेथेच साचते. फडके कोरडेच फिरवावे. त्यावर तपकिरी रंग आला तर गंज चालू आहे, आणि रुपेरी रंग आला तर कोणीतरी पायांवर अ‍ॅल्युमिनियमचा रंग फवारून गंज झाकला आहे. जोडांवर बोट फिरवावे : चांगल्या कामात वेल्डिंग घासून इतके सपाट केलेले असते की दोन पट्ट्या कोठे मिळतात ते केवळ प्रतिबिंबातल्या किंचित वळशावरून कळते, तर स्वस्त कामात जोडाजवळ मुलामा धुरकट दिसतो.

लोहचुंबक चिकटला तर आत पोलाद आहे. चिकटला नाही तर ते पितळ असेल किंवा स्टेनलेस स्टील, आणि दोन्ही आनंदाच्या गोष्टी आहेत, कारण पितळाला तांबडा गंज चढत नाही आणि स्टेनलेसवर सुटून येणारा मुलामाच नसतो. फ्रान्समध्ये या काळात स्टेनलेसचे उत्तम काम झालेले आहे. रचनाकार मारिया पेरगे यांनी १९६८ मध्ये केलेली कड्यांची खुर्ची हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. घर रिकामे करताना सामान विकणाऱ्या लोकांना हा भेद ठाऊक नसतो आणि ते सर्रास स्टेनलेसला ‘क्रोमे’ म्हणून विकतात. तसे घडले तर आपण मुकाट्याने पैसे द्यावेत.

वस्तू कोठल्या घरातून आली हेही विचारावे. नीस, कान किंवा ला ग्रांद-मोत अशा भूमध्य किनाऱ्यावरच्या सुटीच्या फ्लॅटांतले क्रोम खाऱ्या हवेत वाढलेले असते. तुलूझला बसून आपण ते फोटोवरून मागवले तर फोटोत न दिसणारे ठिपके घरी आल्यावर मोजत बसावे लागेल.

आता नावाविषयी. मेझों जान्सेन ही पॅरिसमधील गृहसजावटीची पेढी जाँ-आन्री जान्सेन यांनी १८८० मध्ये स्थापन केली आणि ती १९८९ पर्यंत चालली. राजघराण्यांपासून अमेरिकेच्या व्हाइट हाउसपर्यंत तिची कामे होती. पण नेमके म्हणूनच, पितळ आणि क्रोमचा संयोग असलेला, जरा रुबाबदार दिसणारा सत्तरच्या दशकातील कोणताही फ्रेंच टीपॉय आज बाजारात ‘जान्सेन’ होतो. लिलावाच्या याद्यांत या बाबतीत ठरलेली भाषा असते : ‘आत्रिब्युए आ’ म्हणजे अमुक यांचे असल्याचे मत आहे, आणि ‘दां ल गू द’ म्हणजे केवळ त्या धाटणीचे. फ्रान्समध्ये १९८१ च्या एका शासकीय हुकुमाने अशा शब्दांचे अर्थ बांधून दिले आहेत, आणि त्यातला ‘आत्रिब्युए’ हा शब्दही निराधारपणे वापरण्याची मुभा विक्रेत्याला नाही. तुमच्या विक्रेत्याकडे शिक्का, मूळ बिल, जुना कॅटलॉग किंवा ज्या घरासाठी काम झाले त्या घराची कागदपत्रे यांपैकी काही असेल तर त्याने ते दाखवावे आणि पावतीवर नाव लिहून द्यावे. पावतीवर लिहायला तो कचरला तर वरचे हजार युरो हे एका विशेषणाचे आहेत, असे समजण्यास हरकत नाही.

खुर्च्यांचे प्रकरण वेगळे आहे, कारण १९३० च्या सुमाराची फ्रेंच क्रोम नळी ही फार मोठी गोष्ट आहे. रचनाकार शार्लोत पेरियां यांनी १९२७ च्या सालों दोतोन या पॅरिसच्या वार्षिक कलाप्रदर्शनात मांडलेल्या ‘छपराखालच्या बार’मुळे चकचकीत धातू घरगुती बैठकीत आला, आणि १९२९ मध्ये त्याच प्रदर्शनात वास्तुकार ल कॉर्ब्युझिए, पिएर जानरे आणि पेरियां यांनी नळीचे संपूर्ण फर्निचर मांडले. त्याच वर्षी रने एर्ब्स्त, रोबेर माले-स्तिव्हन्स आदींनी आधुनिक कलावंतांचा संघ स्थापला. एर्ब्स्त यांनी नळीच्या चौकटीवर सामान बांधण्याचे लवचीक पट्टे ताणून खुर्ची केली. आयर्लंडहून येऊन फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या एलीन ग्रे यांनी भूमध्य किनाऱ्यावरच्या आपल्या घरासाठी क्रोमची नळी आणि गोल काच यांचा उंची बदलणारा छोटा टेबल केला, जो आजही कोणत्याही पलंगाशेजारी शोभतो.

या इतिहासाचा एक धागा मराठी वाचकाला जवळचा आहे. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी एकार्ट मुटेझियुस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला आणि त्यासाठी ग्रे यांची ‘त्रांसात’ आरामखुर्ची, कॉर्ब्युझिए-पेरियां यांची लांब आरामखुर्ची, लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स यांचे धातू-काचेचे पलंग असे सामान मागवले. युरोपातील श्रीमंतसुद्धा अजून सोनेरी नक्षीच्या खुर्च्यांवर बसत होते तेव्हा होळकरांनी हे धाडस केले. १९८० मध्ये मोनॅको येथे या सामानाचा लिलाव झाला आणि ते जगभर पांगले. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावट-कला संग्रहालयाने त्यावर मोठे प्रदर्शन भरवले तेव्हा त्यातल्या अनेक वस्तू पुन्हा एकत्र पाहायला मिळाल्या.

अशा मूळ वस्तू तुम्हाला शेजारच्या जुन्या बाजारात मिळण्याचा संभव जवळजवळ नाही. कॉर्ब्युझिए गटाच्या ज्या खुर्च्या ‘व्हिन्टेज’ म्हणून विकल्या जातात त्या बहुतांशी इटलीच्या कासिना कंपनीच्या, १९६५ नंतरच्या अधिकृत उत्पादनातल्या असतात. त्यांच्या नळीवर सही आणि क्रमांक कोरलेला असतो. त्या चांगल्याच आहेत, पण १९३० च्या नव्हेत. ज्यांवर काहीच कोरलेले नाही त्या बहुधा नकला असतात, आणि फ्रेंच कायद्यात फर्निचरलाही स्वामित्वहक्क असल्याने, तसेच पेरियां १९९९ मध्ये निवर्तल्या असल्याने, तो हक्क २०६९ अखेरपर्यंत चालतो. अनामिक कारखान्यांच्या नळीच्या खुर्च्या मात्र त्या काळात फ्रान्समध्ये दवाखान्यांसाठी, कचेऱ्यांसाठी, उपाहारगृहांसाठी पुष्कळ झाल्या, आणि तुमच्या विक्रेत्याकडच्या खुर्च्या तशा असू शकतात. त्यांचे स्क्रू पाहावेत : सरळ खाचेचे, थोडे झिजलेले स्क्रू असावेत, षट्कोनी खाचेचे अ‍ॅलन स्क्रू सर्वत्र दिसले तर संशय धरावा. नळीच्या टोकांना प्लास्टिकची टोपणे असतील तर ती नंतरची दुरुस्ती आहे की मूळचीच, हे विचारावे. आणि धातूची छटा किंचित उबदार, पिवळसर दिसली तर आनंद मानावा, कारण तो क्रोम नसून निकेलचा मुलामा असू शकतो, जो क्रोमच्या आधी रूढ होता.

काचेविषयी लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात आणि जेथे घाबरायला हवे तेथे घाबरत नाहीत. निनावी टीपॉयची काच बदललेली असली तर वस्तूची किंमत फारशी उतरत नाही. धुरकट काच, म्हणजे करड्या किंवा तपकिरी छटेची, आजही मिळते. फक्त छटा आणि जाडी जुळवून घ्यावी लागते, आणि मूळ बारा मिलिमीटरच्या खाचेत दहाची काच बसवली की ती खाचेत खुळखुळते. तीसच्या दशकातील काचेची गोष्ट निराळी. सँ-गोबँ ही १६६५ मध्ये स्थापन झालेली कंपनी तेव्हा फर्निचरसाठी जाड काच पुरवत होती, आणि १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या तिच्या दालनाची रचना जाक आद्ने आणि रने कुलों यांनी केली होती. अशा वस्तूंत काच हाच रचनेचा आत्मा असतो आणि ती फुटली की उरतो तो केवळ स्टँड.

भीती बाळगावी ती फुटण्याच्या प्रकाराची. सत्तरच्या दशकातील टीपॉयची काच बहुधा साधी असते, टफन्ड (तापवून कणखर केलेली) नसते, आणि फुटली तर तिचे लांब, तलवारीसारखे तुकडे होतात. घरात लहान मूल असेल तर खालच्या बाजूला पारदर्शक सुरक्षा-फिल्म चिकटवून घ्यावी किंवा सरळ टफन्ड काच कापून आणावी. टफन्ड काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही, त्यामुळे मापे एकदाच आणि अचूक द्यावीत. सांगाडा काटकोनात असेलच असे गृहीत न धरता पुठ्ठ्याचा साचा कापून न्यावा. धातू आणि काच यांच्यामधल्या रबरी चकत्या पन्नास वर्षांत कडक झालेल्या असतात. त्या चार आण्यांच्या वस्तू आहेत, पण काच थेट धातूवर टेकू लागली की तडा तेथूनच सुरू होतो, म्हणून वस्तू घरी येताच त्या बदलाव्यात.

दिवाणखान्यात मांडणीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. टीपॉय एक आणि दुसरी लहानशी क्रोमची वस्तू, उदाहरणार्थ दिवा किंवा बाजूचा टेबल, इतके पुरे. खोलीतली प्रत्येक वस्तू चकाकू लागली की ती शोरूम वाटते. सत्तरच्या दशकातील फ्रेंच टीपॉय त्या काळच्या जमिनीलगतच्या सोफ्यांसाठी केलेले असल्याने त्यांची उंची अनेकदा पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास असते. आजच्या उंच सोफ्यावर बसून त्यावरचा चहाचा कप उचलायला कंबरेतून वाकावे लागते, तेव्हा आपल्या सोफ्याच्या बैठकीची उंची मोजल्याशिवाय व्यवहार करू नये. काच आरपार दिसत असल्याने खालचा गालिचा हाच टीपॉयचा खरा पृष्ठभाग होतो. लोकरीचा, दाट, एकरंगी गालिचा घेतला तर क्रोममधले प्रतिबिंबही शांत राहते. दक्षिणेकडे मोठी खिडकी असेल तर धुरकट काच स्वच्छ काचेपेक्षा डोळ्यांना सुसह्य, पण बोटांचे ठसे आणि धूळ तिच्यावर दुप्पट दिसतात हे आधीच सांगून ठेवतो.

देखभालीत करण्यापेक्षा टाळण्याच्या गोष्टी जास्त आहेत. फ्रेंच घरांत चुनखडी काढण्यासाठी जे आम्लयुक्त फवारे वापरतात ते, ब्लीच, आणि स्टीलची घासणी या तिन्ही गोष्टी क्रोमजवळ नेऊ नयेत. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे आणि वर्षातून दोनदा मेणाचा पातळ हात द्यावा, म्हणजे त्या सूक्ष्म भेगा बुजतात. वरवरचा गंजाचा डाग अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून हलकेच घासली असता निघतो, कारण फॉइल क्रोमियमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा पाडत नाही.

राहिला पुण्याचा प्रश्न. कायमचे परतताना वापरातले घरगुती सामान म्हणून या वस्तू नेण्याची वाट बॅगेज नियमांत आहे, आणि त्या वेळच्या अटी व मर्यादा पाहून तीच वापरावी. व्यापारी माल म्हणून वेगळ्या मागवायला जाऊ नये, कारण यंत्रसामग्री वगळता वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्या परदेश व्यापार धोरणात परवान्याच्या कक्षेत येते, आणि पन्नास वर्षांचा टीपॉय शंभर वर्षांची अट असलेल्या पुराणवस्तूंच्या शुल्कगटात बसत नाही. खरेदीची मूळ पावती जपून ठेवावी. टीपॉय किंवा खुर्चीत गडद लाकडाचा भाग असेल तर तो ब्राझीलच्या शिसवीचा नाही याची खात्री करावी. ती प्रजाती १९९२ पासून साइट्स या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि कागदांवाचून ती सीमेवर अडकते.

सांगाडा बांधताना बबल-रॅप थेट क्रोमवर गुंडाळू नये. समुद्रमार्गे कंटेनरमध्ये आठवडे काढताना त्याखाली ओल अडकते. आधी मेणाचा हात, मग सुती कापड किंवा आम्लरहित कागद, मग बाकीचे वेष्टन आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या, हा क्रम ठेवावा. काच मात्र न्यायची नाही. एकशेवीस बाय सत्तर सेंटिमीटरची बारा मिलिमीटर जाडीची काच पंचवीस किलोंची होते, तिला स्वतंत्र लाकडी खोका लागतो, आणि निनावी टीपॉयच्या काचेत हा खर्च वसूल होत नाही. फ्रान्समध्येच पुठ्ठ्याचा साचा करून तो सांगाड्यासोबत गुंडाळावा, आणि पुण्यात त्यावरून धुरकट टफन्ड काच करून घ्यावी.